वाटी संपली नाही तरी चालेल

ताई,
माझी मुलगी साडेसात महिन्यांची आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण केलं. मामाने चांदीच्या वाटीतली खीर भरवली ती तिने मिटक्या मारत खाल्ली. त्यानंतर मात्र रोजची झटापट. चमचा दिसला की तोंड फिरवते, घातलेलं जिभेने बाहेर ढकलते. जरा घट्ट दिलं की उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, मग मी घाबरून पातळ करते. डाळीचं पाणी आणि पातळ पेज तेवढी जाते, तीही सासूबाईंनी पायावर आडवं घेऊन बोंडल्याने घातली तर. सासरे मोबाइलवर गाणी लावतात, तेव्हा चार घास जास्त जातात. पंधरा दिवसांपासून शी कडक होते, कुंथून रडते. जन्माचं वजन २ किलो ८०० ग्रॅम, आता ७ किलो १०० ग्रॅम. गेल्या महिन्यात फक्त ३५० ग्रॅम वाढलं. शेजारचं तेवढंच बाळ साडेआठ किलोचं आहे. शेजारीण म्हणते, अंगावरचं दूध बंद कर, भुकेने आपोआप खाईल. पुढच्या महिन्यात मला कामावर जायचंय. आमच्याकडे अंडी-मासे चालतात. काय करू?
— एक आई, कराड

पत्रात मला ताई म्हटलंयस, तेव्हा अगं-तुगंच करते.

आधी वजनाचं बोलू, कारण तुझी बाकीची सगळी भीती तिथूनच सुरू झालेली दिसते. साडेसात महिन्यांच्या मुलींचं मधलं वजन पावणेआठ किलोच्या आसपास असतं. सहा-सव्वासहा किलोच्या खाली गेलं तर कमी वजन धरतात. तुझी लेक ७ किलो १०० ग्रॅम आहे, म्हणजे छान आहे. पहिले तीन-चार महिने बाळं भराभर वाढतात आणि आपल्या डोळ्यांना त्या वेगाची सवय लागते. सहा महिन्यांनंतर तो वेग सगळ्याच बाळांचा उतरतो, मग महिन्याला ३०० ते ४०० ग्रॅम पुरेसे असतात. जन्माच्या वजनाची पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, असा ठोकताळा आहे. तुझ्या मुलीची तिप्पट होते ८ किलो ४०० ग्रॅम, आणि वर्षाला अजून साडेचार महिने आहेत. शेजारचं बाळ जन्मताना केवढं होतं, मुलगा आहे की मुलगी, त्याचे आईबाप कोणत्या अंगाचे, हे काही न बघता दोन बाळं एका तराजूत घालू नयेत. तुझ्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड असेल. त्यातल्या वाढीच्या तक्त्यावर तिची दर महिन्याची वजनं मांडून बघ. ठिपक्यांची रेघ तक्त्यातल्या छापील रेघांच्या सोबतीने वर चढत असेल, तर मनातून ही चिंता काढून टाक.

दूध बंद करण्याचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नकोस. या वयात बाळाला लागणाऱ्या ऊर्जेतली जवळजवळ दोन तृतीयांश आईच्या दुधातूनच येते. ते तोडलं की ती उपाशी राहील, आणि उपाशी, चिडलेलं बाळ नवं काही शिकायच्या मनःस्थितीत नसतं. दूध निदान दोन वर्षांपर्यंत चालू राहू दे. फक्त वेळा जरा मागे-पुढे कर. दुधाने पोट गच्च भरलेलं असताना चमचा पुढे केला तर ती तोंड फिरवणारच, आणि भुकेने कळवळत असताना तिला दूधच हवं असणार. अंगावर पाजल्यानंतर तास-दीड तासाने, झोप झालेली असताना, खेळत असताना बसव.

आता खाण्याकडे येते. तुझ्या पत्रात मला खरोखर खटकलं ते डाळीचं पाणी. मी २२ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि या एका पदार्थाइतका विश्वास मी दुसऱ्या कशावर टाकलेला पाहिला नाही. घरात सगळ्यांना वाटतं, डाळीचं सत्त्व पाण्यात उतरतं. तसं होत नाही. सत्त्व तळाशी राहिलेल्या डाळीत असतं, जी आपण बाजूला काढून मोठ्यांच्या वरणात घालतो. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. तुझ्या मुलीचं पोट म्हणजे जेमतेम दोनशे मिलिलिटर. ते पाण्याने भरलं की पोट भरल्यासारखं वाटतं, ती तोंड मिटते, आणि तासाभरात पुन्हा रडते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. डाळीच्या पाण्याने त्या गाठायच्या तर तिला दिवसभर पाजतच राहावं लागेल. त्याऐवजी चमचाभर साजूक तूप मऊ खिचडीत कालवलं, तर त्या एका छोट्या चमच्यातून साधारण ४५ कॅलरी मिळतात, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ पाव हिस्सा.

म्हणून तिने खावं किती, हा विचार तूर्त सोड आणि वाटीत आहे काय ते बघ. खिचडी, मऊ भात, खीर, काहीही असो, चमचा तिरका केल्यावर लगेच ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. दोन-तीन छोटे चमचे गेले तरी सुरुवातीला पुरे. आठ महिन्यांच्या सुमाराला २५० मिलिलिटरच्या वाटीतली अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा, इथवर ती हळूहळू येईल. घट्ट असेल तर एवढंसंही अंगी लागतं.

आणि मिक्सर कपाटात ठेवून दे. मिक्सरमधून काढलेला गुळगुळीत लगदा जिभेवरून सरळ घशात उतरतो, तोंडाला काही करावंच लागत नाही. भात शिजताना जास्त पाणी घालून गुरगुट्या कर आणि वाटीत चमच्याच्या पाठीने चेच. लाल भोपळा, रताळं, बटाटा, गाजर वाफवून हाताने कुस्कर. सुरुवातीला फार गाठी वाटल्या तर पुरणयंत्रातून काढ, त्यात थोडा रवाळपणा राहतो, तेवढा हवाच. दात नाहीत म्हणून घाबरू नकोस, हिरड्या मऊ अन्न छान रगडतात. नऊ-दहा महिन्यांपर्यंत गाठी असलेल्या अन्नाची ओळख झाली नाही, तर पुढे दोन-तीन वर्षांची होऊनही मुलं घट्ट पदार्थ तोंडात धरून बसतात. अशी कितीतरी मुलं माझ्याकडे येतात.

जिभेने बाहेर ढकलणं म्हणजे नकार नव्हे. सहा महिने तिने फक्त चोखायचं काम केलं, त्यात जीभ पुढेच येते. घास मागे न्यायचा हे तिला आता शिकायचंय. अन्न हनुवटीवर येईल, बोटाने पुन्हा आत लाव, पुन्हा बाहेर येईल. तोंड वाकडं केलं म्हणजे चव आवडली नाही, असंही लगेच धरू नकोस. एखादा पदार्थ स्वीकारायला बाळांना आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा चाखावा लागतो. आपण तिसऱ्या दिवशी 'तिला भोपळा आवडत नाही' म्हणून शिक्का मारतो. उष्टावणाची खीर गोड होती म्हणून मिटक्या मारल्या, गोडाची आवड बाळ जन्मतःच घेऊन येतं. पण साखर, गूळ इतक्यात नको. मीठही वर्षभर नको, तिच्या मूत्रपिंडांवर भार येतो. आपल्याला अळणी लागतं ते तिला अळणी लागत नाही, तिने मीठ चाखलेलंच नाही. जिरं, हिंग, किंचित हळद, कोथिंबीर चालेल.

आता सासूबाईंच्या बोंडल्याकडे येते, आणि हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझा मोठा मुलगा सात महिन्यांचा असताना मीही हेच केलं होतं. शिकलेली होते, तरी केलं. पाय लांब करून त्याला आडवं घेतलं, तो तोंड उघडेना म्हणून नाक दाबलं, आणि रडायला तोंड उघडल्यावर पेज ओतली. त्याला जोराचा ठसका लागला, श्वास अडकला, ओठांचा रंग बदलला. काही क्षणांतच तो खोकून मोकळा झाला, पण ते क्षण मी आजही विसरलेले नाही. 'नाक दाबलं की तोंड उघडतं' ही म्हण आपल्याकडे आहे खरी, पण ती बाळाच्या बाबतीत खरी करू नये. आडव्या बाळाच्या घशात ओतलेलं पातळ अन्न रडताना श्वासनलिकेत जाऊ शकतं, तिथून फुप्फुसात. आणि एरवीही, असं दोन-चार वेळा झालं की बाळ वाटी बघूनच रडायला लागतं. तुझी लेक चमचा पाहून तोंड फिरवते, त्याचं अर्धं कारण मला इथे दिसतं.

तिला मांडीवर ताठ बसव, पाठ तुझ्या पोटाला टेकलेली, किंवा समोर उशांच्या आधाराने. चमचा ओठांपर्यंत ने आणि थांब. ती पुढे झुकली, तोंड उघडलं, तर घाल. तोंड मिटलं, मान फिरवली, चमचा ढकलला, तर थोडा वेळ थांबून एकदाच पुन्हा विचार. तरी नको म्हणाली तर वाटी उचल. वीस-पंचवीस मिनिटांच्या वर जेवण लांबवू नकोस. काय आणि कधी द्यायचं ते तू ठरव, किती खायचं ते तिला ठरवू दे. एका हातात तिला रिकामा चमचा दे, वाफवलेल्या गाजराचा बोटाएवढा, दाबला तर चिरडेल असा मऊ तुकडा दे. अंगाला फासेल, जमिनीवर टाकेल. खाली जुनी चादर अंथर आणि फासू दे.

घट्ट अन्नाने येणाऱ्या उबळीविषयी नीट समजून घे, कारण तू त्या भीतीपायीच पुन्हा पातळावर येतेस. मोठ्या माणसाला घशाजवळ बोट गेल्यावर उबळ येते. बाळाची ती जागा जिभेवर बरीच पुढे असते. एखादा कण तिथे लागला की शरीर तो आपणहून पुढे ढकलतं. चेहरा लाल होतो, जीभ बाहेर येते, ओकल्यासारखा आवाज येतो, खोकते, डोळ्यांत पाणी येतं. हे संरक्षण आहे. अशा वेळी तू शांत बसून तिच्याकडे बघ, ती स्वतः काढेल. तू किंचाळलीस तर ती त्यालाच घाबरेल. सराव होत जाईल तशी ती जागा मागे सरकते आणि उबळी कमी होतात.

घास अडकणं वेगळं. त्यात आवाज येत नाही. बाळाला रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळे पडू लागतात. तेव्हा तिला तुझ्या हातावर पालथं घे, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा हाताने धरलेला. दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा मार. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, ५ वेळा दाब. पुन्हा पालथं, पुन्हा उताणं, अडकलेलं निघेपर्यंत किंवा बाळाची शुद्ध हरपेपर्यंत. शुद्ध हरपली तर थापा थांबवून छातीदाब आणि तोंडाने श्वास सुरू करावे लागतात, तेही याबरोबरच शिकून घ्या. दरम्यान घरातल्या दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करायचा. न दिसणारा घास काढायला तोंडात बोट घालू नका, तो आणखी आत जातो. पाणी पाजू नका, पाय धरून उलटं टांगू नका. सासूबाई, सासरे आणि तुझा नवरा, तिघांनाही हे उशीवर करून दाखव, आणि लसीकरणाला जाशील तेव्हा नर्सताईंकडून एकदा बघून घे. तू कामावर गेल्यावर घरात तेच असणार आहेत.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, कच्चं गाजर, अख्खे मनुके तिच्या हाती लागू देऊ नका. शेंगदाणे पहिली चार-पाच वर्षं अख्खे नकोतच. कूट मात्र चालतो, आणि तो लवकर दिलेला बरा. ब्रिटनमध्ये झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केल्यावर, टाळलेल्या बाळांपेक्षा पुढे त्याची ॲलर्जी खूपच कमी आढळली. तुझ्या मुलीला तीव्र इसब नसेल तर बारीक कूट अर्धा चमचा खिचडीत मिसळून दुपारच्या वेळी दे, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येईल. इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

शी कडक होण्याचं तू पत्रात एका ओळीत लिहिलंस, पण बाळ याच कारणाने खाणं नाकारतं हे अनेकदा लक्षात येत नाही. नुसत्या दुधावरून अन्नावर आल्यावर शी घट्ट होणारच, रंग-वासही बदलणार. दोन दिवसांतून एकदा झाली आणि मऊ असेल तर काही बिघडलेलं नाही. लेंड्यांसारखी कडक होत असेल तर भात आणि केळं काही दिवस कमी कर. पिकलेली पपई, वाफवून कुस्करलेला दुधी, पालक घातलेली मुगाची खिचडी, तुपाचा हात जरा सैल. चार-पाच काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी कुस्करून गाळलेलं पाणी दोन-तीन चमचे दे. जेवणाबरोबर उकळून गार केलेलं पाणी वाटीने घोट-घोट दे, बाटली नको. पाठीवर निजवून पाय सायकलसारखे हलव. साबणाची कांडी, तेल लावलेलं विड्याच्या पानाचं देठ, एरंडेल यांतलं काहीही करू नका. नाजूक कातडीला जखम झाली की ती दुखेल म्हणून शी अडवून धरते आणि प्रकार वाढत जातो. आणि घरात सहाणेवर गुटी उगाळून मधातून देत असाल तर मध आजच बंद करा. मधात असणाऱ्या एका जंतूचे बीजाणू वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात, त्याने अंग लुळं पडतं.

सासूबाईंना बोंडल्याऐवजी नाचणीचं काम दे. त्यांना ते तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं येत असेल. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद आचेवर अगदी हलकं परतून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. काही घरांत मोड आलेली नाचणी वाटून, पिळून, खाली बसलेला साका वाळवतात. त्यात चोथ्याबरोबर बरंच चांगलं वाया जातं, म्हणून मी पिठाच्या बाजूची. मोड येताना धान्यात एक पाचक रस तयार होतो, जो पिठातलं स्टार्च तोडतो. त्यामुळे मोडाच्या पिठाची खीर साध्या पिठाइतकी गोळा होत नाही, आणि तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावतं. घास गिळायला सोपा आणि तरी भरीव. जास्त भाजलं तर तो रस मरतो, म्हणून आच मंद. पीठ आधी गार पाण्यात कालवून मग हळूहळू तापवायचं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदूळ त्याच्या पासंगालाही पुरत नाही. खीर पाण्यात किंवा तुझ्या काढलेल्या दुधात कर, वरून तूप. गाईचं दूध पिण्यासाठी वर्षानंतरच.

नाचणीत सगळं असतं असं समजू नका मात्र. तिच्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही. बाळ पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. रक्त कमी झालं की भूकही मंदावते. तुमच्याकडे अंडी-मासे चालतात, तर ते वर्षापर्यंत थांबवू नका. अंडं कडक उकडून, पिवळं-पांढरं दोन्ही कुस्करून, आधी पाव चमचा, मग वाढवत. काटे डोळ्यांत तेल घालून काढलेला मासा, शिजवून बारीक केलेलं चिकन किंवा कलेजी. ज्या दिवशी ते नसेल त्या दिवशी मसूर किंवा मूग, आणि वर लिंबाचे चार थेंब, त्याने लोह शोषलं जातं. चहात बुडवलेलं बिस्कीट हा लाड बंद ठेवा, चहा लोह अडवतो. आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर. बाटलीवर बघून आणि डॉक्टरांना सांगून सुरू कर. त्याने शी काळपट होते, घाबरू नकोस.

मोबाइलचं आजोबांना तू सांगायला अवघडत असशील. गाणं लावलं की बाळ घास गिळते, पण आपण खातोय हेच तिला कळत नाही, पोट भरल्याचंही नाही. काही दिवसांनी गाण्याशिवाय तोंड उघडत नाही. आजोबांना म्हण, तिच्यासमोर बसून तुम्ही तुमचं जेवण जेवा. ती त्यांच्या हाताकडे, तोंडाकडे बघेल. मी सांगते, याच्याइतकं दुसरं काही चालत नाही.

कामावर जाण्याआधी तीन आठवडे आहेत, तेवढ्यात दुपारचं एक जेवण सासूबाईंच्या हातचं होऊ दे. सकाळी निघताना, आल्याबरोबर आणि रात्री अंगावर पाज. काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात फ्रिजमध्ये २४ तास राहतं, वाटी-चमच्याने देता येतं. मातृत्व लाभाचे कायदेशीर नियम तुझ्या कामाला लागू असतील, तर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन स्तनपानाच्या सुट्ट्या तुझ्या हक्काच्या आहेत, त्या मागून घे.

या गोष्टी मात्र घरी बघत बसायच्या नाहीत: वजन उतरलं किंवा दोन महिने वाढलंच नाही, जवळजवळ प्रत्येक घासाला खोकला किंवा घशात घरघर, शीमध्ये रक्त, हिरवी उलटी किंवा पोट फुगून कडक, दिवसभरात लघवी अगदी कमी, अंगावर गांध्या उठून चेहरा सुजला. यातलं शेवटचं झालं तर तडक दवाखान्यात. आजारपणात किंवा दात येताना ती दोन-चार दिवस खाणार नाही, तेव्हा दूध वाढव, बरी झाल्यावर एक जेवण जास्त दे.

उद्या वरणाला फोडणी देण्याआधी, मीठ घालण्याआधी, तळातली घट्ट डाळ तिच्या वाटीत काढून ठेव. मऊ भात, तूप, लिंबू. तिला मांडीवर ताठ बसव आणि आजोबांना समोर. तीन आठवड्यांनी पुन्हा पत्र लिही, आणि त्यात तिचं नवं वजन नक्की लिही.